कॅलिफोर्नियातली गांजाची जुनी केस रेकॉर्डवरून काढायची असेल तर

८ नोव्हेंबर २०१६ ला कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रॉपोझिशन ६४ हा गांजाविषयीचा कायदा थेट मतदानाने मंजूर केला. दुसऱ्या दिवसापासून राज्याच्या कायद्यात २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाने स्वतःपुरता २८.५ ग्रॅमपर्यंत गांजा बाळगणं गुन्हा राहिलं नाही. लागवड, विक्रीसाठी बाळगणं आणि विक्री-वाहतूक यांच्या शिक्षाही बऱ्याच उतरल्या. या कायद्यातला सगळ्यात न्यायाचा भाग असा, की ज्यांना आधीच शिक्षा झाली होती त्यांनाही नवं माप लागू करून मिळतं. ही सोय हेल्थ अँड सेफ्टी कोडच्या कलम ११३६१.८ मध्ये आहे.

अमेरिकेचे नागरिक नसाल, म्हणजे एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-१बी (नोकरी) व्हिसावर, ग्रीनकार्डवर किंवा अगदी नागरिकत्वाच्या अर्जाच्या उंबरठ्यावर असाल, तर खालचा इमिग्रेशनचा भाग आधी वाचा आणि मगच अर्जाला हात घाला. इथे क्रम चुकला तर त्रास होतो.

कोणाच्या केसेस बसतात

कलमं चार: ११३५७ (बाळगणं), ११३५८ (लागवड), ११३५९ (विक्रीसाठी बाळगणं) आणि ११३६० (विक्री, वाहतूक, दुसऱ्याला देणं). शिक्षा यांपैकी एखाद्या कलमाखाली आणि प्रॉपोझिशन ६४ च्या आधीची हवी. आज तेच कृत्य केलं असतं तर काय झालं असतं, एवढाच प्रश्न कोर्ट विचारतं.

त्यामुळे गुन्ह्याच्या वेळचं वय आणि वजन महत्त्वाचं ठरतं. वय २१ किंवा जास्त आणि माल २८.५ ग्रॅमच्या आत, तर शिक्षा रद्द होऊन नोंद सीलबंद होते. वय १८ ते २० असेल, म्हणजे कॉलेजच्या हॉस्टेलवर पकडलेली पोरं, तर गुन्हा इन्फ्रॅक्शनवर (फक्त दंडाच्या अगदी किरकोळ गुन्ह्यावर) उतरतो. रद्द होत नाही. २८.५ ग्रॅमच्या वर असेल तर मिसडिमीनर (कमी गंभीर गुन्हा). विक्रीच्या आणि सहापेक्षा जास्त झाडांच्या जुन्या फेलनी (गंभीर गुन्हे) बहुतेक वेळा मिसडिमीनर होतात. अपवाद आहेत: खून, गंभीर लैंगिक गुन्हा अशा फार जड शिक्षा आधीच नावावर असणं, लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत नाव असणं, त्याच कलमाखाली आधी दोन किंवा जास्त शिक्षा असणं, अल्पवयीनाला माल विकणं. अशा वेळी फेलनी तशीच राहू शकते.

बरेच अर्ज एका साध्या कारणाने फसतात. अटक गांजाची होती, पण वकिलाने तडजोड करून भलत्याच कलमाखाली गुन्हा कबूल करायला लावला होता. शांतताभंग, किंवा दुसऱ्या अमली पदार्थाचं कलम. नशेत गाडी चालवल्याची केसही यात येत नाही, मग ती नशा गांजाची का असेना. अटक कशासाठी झाली याला इथे किंमत नाही. शिक्षा कोणत्या कलमाखाली झाली ते बघायचं. अशा केसना पीनल कोड (राज्याची दंडसंहिता) १२०३.४ चा वेगळा अर्ज आहे, फॉर्म सीआर-१८०. एका केसमध्ये चार आरोप असतील, तर त्यातला फक्त गांजाचा आरोप बदलतो, बाकीचे जागच्या जागी.

आधी बघा, तुमचं काम आपोआप झालंय का

२०१८ च्या एबी १७९३ या कायद्याने राज्याच्या न्याय विभागाला सगळ्या जुन्या केसेस स्वतःहून चाळायला लावल्या. पात्र केसेसची यादी १ जुलै २०१९ पर्यंत निघायची होती आणि सरकारी वकिलांना आक्षेप घ्यायला १ जुलै २०२० पर्यंत मुदत होती. बऱ्याच काउंटीत कागद तिथेच अडकले. म्हणून २०२२ मध्ये एबी १७०६ आला: ज्या केसवर मुदतीत आक्षेप नाही ती बिनविरोध समजायची, कोर्टांनी १ मार्च २०२३ पर्यंत आदेश काढायचे आणि न्याय विभागाने १ जुलै २०२३ पर्यंत नोंदी दुरुस्त करायच्या. त्यामुळे आज अनेकांची नोंद त्यांच्या नकळत बदललेली आहे. पण ‘आपोआप झालं असेल’ असं धरून चालू नका. जुन्या केसमध्ये कलमाचा उपविभाग लिहिलेला नसणं, निकालाची नोंदच न्याय विभागापर्यंत न पोचणं, नावाचं स्पेलिंग वेगळं असणं, अशा कारणांनी केसेस चाळणीतून निसटतात. आपल्याकडे वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून कधी लावलेलं असतं, कधी नसतं. त्यानेही घोळ होतो.

तपासायचा मार्ग म्हणजे न्याय विभागाकडून स्वतःच्या रेकॉर्डचा उतारा मागवणं. फॉर्म बीसीआयए ८०१६आरआर छापून घ्या, अर्जाच्या प्रकारात ‘रेकॉर्ड रिव्ह्यू’ लिहिलेलं आहे ना ते बघा आणि फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन लाइव्ह स्कॅन केंद्रावर बोटांचे ठसे द्या. न्याय विभागाची फी २५ डॉलर. ठसे घेणाऱ्या केंद्राचं शुल्क वेगळं आणि जागोजागी वेगवेगळं. उत्पन्न कमी असेल तर २५ डॉलर माफ करून घेता येतात, पण तो अर्ज ठसे देण्याआधी करावा लागतो. शिकून पुण्या-मुंबईला परतलेल्यांना एफडी-२५८ या कार्डावर शाईचे ठसे घेऊन टपालाने पाठवता येतात. पैसे मात्र मनी ऑर्डरने, सर्टिफाइड चेकने किंवा अमेरिकन बँकेवरच्या चेकने भरावे लागतात, त्यामुळे तिथल्या एखाद्या नातेवाइकाची मदत घ्या. ठसे पुसट आले तर कार्ड परत येतं, म्हणून दोन कार्डं करून ठेवलेली बरी.

हा उतारा फक्त तुमच्यासाठी असतो. नोकरी देणारा तो तुमच्याकडून मागू शकत नाही. तसं मागणं कॅलिफोर्नियात बेकायदा आहे.

उतारा हातात आला की प्रत्येक अटकेखाली कोर्टाची ओळ शोधा. तिथे केस क्रमांक, कलम, निकाल आणि तारीख असते. अटकेखाली कोर्टाची ओळच नसेल तर त्या काउंटीच्या सुपिरियर कोर्टाच्या फौजदारी क्लार्ककडे नाव आणि जन्मतारीख देऊन शोध घ्यायला सांगा. केस जुन्या म्युनिसिपल कोर्टातली असेल तरी आता कागद सुपिरियर कोर्टाकडेच असतात.

अर्ज कसा करायचा

नोंद अजून तशीच दिसत असेल तर फॉर्म सीआर-४००. अर्ज त्याच काउंटीच्या कोर्टात करायचा जिथे शिक्षा झाली होती. राहता फ्रीमॉन्टला आणि केस लॉस एंजेलिसची, तर अर्ज लॉस एंजेलिसला. कोर्ट यासाठी फी घेत नाही. १८ वर्षांखालच्या वेळची बाल न्यायालयातली केस असेल तर फॉर्म वेगळा, जेव्ही-७४४.

सीआर-४०० वर केस क्रमांक, शिक्षेची तारीख आणि कलम लिहायचं आणि दोन गोष्टी नीट ठरवायच्या. एक, शिक्षा अजून भोगतो आहात की पुरी झाली आहे. प्रोबेशन (तुरुंगाऐवजी कोर्टाच्या देखरेखीची मुदत) चालू असेल तर शिक्षा पुरी झालेली नाही. दोन, सुनावणी हवी की नको. शिक्षा पुरी झालेल्यांच्या अर्जावर कोर्ट सुनावणीशिवाय निकाल देऊ शकतं. तुम्ही मागितली तरच तारीख पडते. सरळ केसमध्ये ती मागायची गरज नाही.

फॉर्मच्या प्रती काढा. मूळ कोर्टात, एक प्रत डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीच्या कार्यालयात, एक तुमच्या फायलीत. सरकारी वकिलाला प्रत पोचवल्याचा पुरावा म्हणून सीआर-४०१ भरून कोर्टात लावायचा. हा राहिला तर अर्ज तसाच पडून राहतो. सरकारी वकील आपलं म्हणणं सीआर-४०२ वर देतो आणि न्यायाधीशाचा आदेश सीआर-४०३ वर निघतो.

कायदा इथे अर्जदाराच्या बाजूने झुकलेला आहे, हे लक्षात ठेवा. तुम्ही पात्र आहात असंच कोर्टाने गृहीत धरायचं असतं आणि नाही म्हणणाऱ्या सरकारी वकिलाने तसा भक्कम पुरावा द्यायचा असतो. म्हणून ‘माझ्याकडे वजनाचा कागद नाही’ या भीतीने कोणी अर्ज अडवून ठेवू नये.

वकील परवडत नसेल तर पब्लिक डिफेंडरच्या (आरोपींना सरकारकडून मिळणाऱ्या वकिलाच्या) कार्यालयात चौकशी करा. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या काउंटीत ‘क्लीन स्लेट’ नावाने हेच काम फुकट होतं. सुनावणी पडली आणि इंग्रजीत अडखळायला होत असेल तर फौजदारी कोर्टात दुभाषा मोफत मिळतो. मागताना ‘मराठी’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर हिंदीचा दुभाषा समोर येतो.

नागरिक नसलेल्यांसाठी: सील झालेली केस इमिग्रेशनला दिसते आणि तुमच्याविरुद्ध धरलीही जाते

गांजा फेडरल (अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या) कायद्यात आजही नियंत्रित पदार्थ आहे आणि ‘शिक्षा’ कशाला म्हणायचं याची इमिग्रेशन कायद्याची स्वतःची व्याख्या आहे. गुन्हा कबूल केला आणि दंड, प्रोबेशन असं काहीही लागलं, की त्यांच्या लेखी शिक्षा झाली. राज्याने पुढे दया म्हणून किंवा धोरण बदललं म्हणून ती उतरवली तरी फरक पडत नाही. कॅलिफोर्निया ज्याच्या कक्षेत येतं त्या नवव्या सर्किटच्या फेडरल अपील न्यायालयाने २०२० मध्ये नेमक्या प्रॉपोझिशन ६४ खाली उतरवलेल्या शिक्षेबद्दल हेच सांगितलं आहे.

व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्मवरचा प्रश्न वाचा: माफी मिळाली असली तरी कधी अटक वा शिक्षा झाली होती का, असं तो विचारतो. ग्रीनकार्ड आणि नागरिकत्वाच्या अर्जातही तसंच. कॅलिफोर्नियात सीलबंद घटना घडलीच नाही असं उत्तर देता येतं. ते घरमालकाला आणि नोकरीच्या अर्जात चालेल, फेडरल फॉर्मवर नाही. तिथे ‘नाही’ लिहिलं तर जुन्या क्षुल्लक केसपेक्षा खोट्या माहितीचं प्रकरण भारी पडतं.

म्हणून अर्ज करण्याआधी, फाइल सीलबंद होण्याआधी, कोर्टातून सर्टिफाइड प्रती काढा: तक्रारपत्र, कबुलीचा फॉर्म, निकाल, आणि शक्य असेल तर वजन लिहिलेला पोलिस अहवाल. वजन एवढ्यासाठी, की स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅम किंवा कमी गांजा बाळगल्याची एकच घटना असेल तर देशाबाहेर काढण्याच्या कलमातून सूट आहे. ती सिद्ध करायला हाच कागद लागतो, आणि बाळगण्याच्या किरकोळ केसेसची कागदपत्रं कोर्ट दोन वर्षांनी नष्टही करतं.

ग्रीनकार्डवाल्यांनी आणखी एक गोष्ट मनावर घ्यावी. ही ३० ग्रॅमची सूट देशात राहताना आहे. भारतात लग्नाला जाऊन परत येताना विमानतळावर त्याच केसवरून तुम्हाला नव्याने प्रवेश मागणारा धरलं जाऊ शकतं आणि प्रवेशाच्या नियमात तशी आपोआप सूट नाही. माफीचा वेगळा अर्ज करावा लागतो. गांजाची कुठलीही शिक्षा नावावर असेल तर तिकीट काढण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. वकिलाला, ‘फॉर्म भरून देतो’ म्हणणाऱ्या सल्लागाराला नव्हे.

इमिग्रेशनसाठी उपयोगी पडणारे मार्ग वेगळे आहेत, कारण ते मूळ कार्यवाहीतल्या कायदेशीर चुकीवर उभे असतात. पीनल कोड १४७३.७ खाली, कबुली देताना तिचे इमिग्रेशनवरचे परिणाम नीट कळलेच नव्हते असं दाखवून शिक्षा रद्द करून घेता येते. तेव्हा वकिलाने काय सांगितलं, दुभाषा कोणत्या भाषेचा होता, त्या वेळी तुमचं इथे काय पणाला लागलं होतं, हे सगळं शपथपत्रात तपशिलाने यावं लागतं.

दुसरा मार्ग कलम १२०३.४३ चा. १ जानेवारी १९९७ ते ३१ डिसेंबर २०१७ या काळात अमली पदार्थाच्या किरकोळ केसमध्ये पहिल्यांदा पकडलेल्यांना आधी कबुली घेऊन मग कोर्स करायला लावत आणि शेवटी केस काढून टाकत. याचा पुढे काही त्रास होणार नाही, असं सांगितलेलं असे. इमिग्रेशनपुरतं ते खोटं होतं. चुकीच्या माहितीवर दिलेली ती कबुली या कलमाने मागे घेता येते. कोर्टाचे कागद नष्ट झाले असतील तर न्याय विभागाचा उतारा आणि तुमचं शपथेवरचं निवेदन पुरतं.

आदेश निघाल्यावर

सीआर-४०३ च्या सर्टिफाइड प्रती घ्या, एक नव्हे तीन-चार. काही महिन्यांनी पुन्हा उतारा काढा. कोर्टाचा आदेश असूनही नोंद बदलली नसेल तर बीसीआयए ८७०६ हा चुकीच्या नोंदीचा फॉर्म आदेशाच्या प्रतीसह न्याय विभागाला पाठवा. एफबीआयचं रेकॉर्ड वेगळं असतं. त्याचा उतारा १८ डॉलरला मिळतो आणि कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाला तोच मागतात. राज्याने दुरुस्ती कळवली की तो बदलतो.

खासगी बॅकग्राउंड चेक कंपन्यांकडे जुनी माहिती पडून राहते. नोकरीच्या चौकशीत रद्द झालेली केस निघाली तर कंपनीकडून अहवालाची प्रत मागून घ्या आणि आदेश जोडून लेखी हरकत घ्या. फेडरल कायद्याने त्यांना साधारण ३० दिवसांत पुन्हा तपास करावा लागतो.

योसेमिटीसारख्या राष्ट्रीय उद्यानात रेंजरने पकडलेली केस फेडरल असते. तिला प्रॉपोझिशन ६४ लागू नाही. साध्या बाळगण्यासाठी ६ ऑक्टोबर २०२२ आणि २२ डिसेंबर २०२३ च्या राष्ट्राध्यक्षीय घोषणांनी माफी दिलेली आहे आणि तिचं प्रमाणपत्र फेडरल न्याय खात्याच्या पार्डन अ‍ॅटर्नीच्या कार्यालयाकडून मिळतं. मात्र घोषणेच्या दिवशी तुम्ही नागरिक किंवा कायम रहिवासी असायला हवं होतं. व्हिसावर असलेल्यांना ती नाही, आणि मिळाली तरी केस रेकॉर्डवरून पुसली जात नाही.