उपाशी, पण अमर

निओपेट्स या पडद्यावरचा प्राणी पाळायच्या साइटवर तुमच्या प्राण्याची भूक एका शब्दात लिहून येते. पोट तट्ट फुगलेला, पोटभर जेवलेला, भुकेला, उपाशी असं उतरत उतरत शेवटी जो शब्द येतो त्याचा अर्थ 'मरायला टेकलेला'. कुणी शाळेत असताना तिथं खातं उघडलं, दोन महिन्यांत कंटाळून सोडलं आणि वीस वर्षांनी पासवर्ड आठवला म्हणून परत गेलं, तर खातं शाबूत असल्यास प्राणी त्याच पायरीवर बसलेला सापडतो. जिवंत. तिथं उपासमारीनं कुणीच मरत नाही.

व्हर्च्युअल पेटची, म्हणजे अशा पडद्यावरच्या प्राण्याची, साइट काढायची ठरवली की बहुतेक जण आधी प्राणी काढायला घेतात. कान केवढे, शेपटी कशी, रंग किती. हौसेचं काम आहे, होऊ द्यावं. पण या प्रकाराचा गेल्या पन्नासेक वर्षांचा प्रवास पाहिला तर कसोटीचा प्रश्न वेगळाच होता असं दिसतं: मालक आलाच नाही, तर प्राण्याचं काय? आणि त्याच्या पोटात दडलेला दुसरा प्रश्न, जो साइट काढणारा स्वतःला सहसा विचारत नाही: तुम्हीच आला नाहीत तर?

सुरुवात दगडापासून करावी लागते. १९७५ मध्ये गॅरी डाल या कॅलिफोर्नियातल्या जाहिरात लिहिणाऱ्या माणसानं साधा गुळगुळीत गोटा पाळीव प्राणी म्हणून विकायला काढला. हवेसाठी भोकं पाडलेलं खोकं, आत गवत, गवतावर गोटा. किंमत चार डॉलरच्या आसपास. सोबत ३२ पानांची पुस्तिका होती, आणि खरा माल ती पुस्तिकाच होती. 'बस' आणि 'थांब' या आज्ञा दगड चटकन शिकतो, असं त्यात गंभीर चेहऱ्यानं लिहिलेलं. दहा लाखांहून जास्त गोटे खपले आणि काही महिन्यांत लाट ओसरली. दगडाला काहीच लागत नव्हतं, म्हणून त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघायचं कारणही उरलं नाही.

कॉम्प्युटरवर हा खेळ आला तो १९८५ च्या सुमारास. पडद्यावरच्या घरात एक छोटा माणूस राहायचा, त्याला खायला-प्यायला द्यायचं, चार शब्द टाइप करून बोलायचं. १९९५ मध्ये पीएफ मॅजिक कंपनीचा 'डॉग्झ' आला, त्यात कुत्रा थेट डेस्कटॉपवर फिरायचा. पुढच्याच वर्षी स्टीव्ह ग्रँड यांच्या 'क्रीचर्स'मधल्या नॉर्न नावाच्या जिवांना जनुकं होती, छोटासा कृत्रिम मेंदूसुद्धा होता. अक्कल भरपूर. पण यंत्र बंद केलं की यातल्या बहुतेकांचा काळही थांबायचा. तुम्ही नसताना ते तुमची वाट बघत नव्हते.

वाट बघायला शिकवलं तामागोचीनं. बांदाई कंपनीनं हे खेळणं २३ नोव्हेंबर १९९६ ला जपानमध्ये विक्रीला आणलं. कल्पनेमागं अकिहिरो योकोई आणि बांदाईच्या अकी माइता. 'तामागो' म्हणजे अंडं, त्याला इंग्रजीतल्या घड्याळाच्या शब्दाचं शेपूट. हे घड्याळ महत्त्वाचं. अंड्याच्या आकाराचं प्लॅस्टिक, तीन बटणं, भुकेची चार बदामं आणि आनंदाची चार. सुरू केल्यावर पाचेक मिनिटांत अंडं फुटायचं आणि मग तो ठिपक्यांचा जीव खऱ्या वेळेनुसार जगायचा. तुम्ही परीक्षेला बसलेले असा की झोपलेले, त्याचं पोट रिकामं होत राहायचं. दुर्लक्ष केलं की मरायचा. जपानी आवृत्तीत भूत आणि थडगं दिसायचं, पाश्चात्त्य देशांत पाठवताना त्याचा देवदूत केला गेला. शाळांनी बंदी घातली, कारण मुलं तासाला बाकाखाली त्याला जेवण भरवत होती. १९९७ चं अर्थशास्त्राचं इग्नोबेल हे गमतीचं पारितोषिक योकोई आणि माइता यांना मिळालं: कामाचे लाखो तास व्हर्च्युअल प्राण्यांच्या संगोपनाकडे वळवल्याबद्दल.

यात एक गंमत आहे. या खेळण्याला 'थांबव' असं बटण नव्हतं, पण घड्याळ लावायच्या पडद्यावर गेलं की काळ थांबायचा. मुलांनी ते आपणहून शोधून काढलं. म्हणजे बनवणाऱ्यानं सुट्टी दिली नाही, तर पाळणाऱ्यानं स्वतःच सुट्टीचं दार पाडलं. साइटवर तुम्ही असं दार ठेवलं नाही तर लोक ते पाडत बसत नाहीत, सरळ निघून जातात.

नॉटिंगहॅम विद्यापीठात शिकणाऱ्या अॅडम पॉवेलला १९९७ मध्ये एक कल्पना सुचली होती: कॉलेजातल्या मुलांना वेळ घालवायला प्राण्यांची साइट. ती डोना विल्यम्सच्या साथीनं प्रत्यक्षात आली १५ नोव्हेंबर १९९९ ला, आणि पुढं मुख्यतः लहान मुलांची झाली. निओपेट्सनं तामागोचीची भूक घेतली, मरण मात्र घेतलं नाही. बाहेरगावी जाणाऱ्यांसाठी प्राण्यांचं हॉटेल काढलं, तिथं २८ दिवसांपर्यंत प्राणी ठेवता येतो. कफल्लक झालेल्यांसाठी फुकट सूप देणारी परी ठेवली. दिवसातून एकदा भल्यामोठ्या ऑम्लेटचा तुकडा फुकट. माझ्या मते या साइटचं यश प्राण्यांच्या गोंडसपणापेक्षा या क्षमाशील कारभारात जास्त आहे. सहा महिन्यांनी आलेल्या माणसाला अपराध्यासारखं वाटलं, तर तो पान बंद करतो. 'अरे, आलास? हे घे सूप' असं कुणी म्हटलं, तर थांबतो.

इथं आतलं यंत्र थोडं उघडून बघू. नवखा माणूस कोड लिहायला बसला की प्रत्येक प्राण्याची भूक दर मिनिटाला वाढवायचा घाट घालतो. शंभर प्राणी असेपर्यंत चालतं. लाख झाले की ही सगळी माहिती साठवणारा डेटाबेस धापा टाकायला लागतो. आणि गरजही नसते. शेवटचं जेवण कधी झालं तेवढी वेळ नोंदवून ठेवायची, मालकानं पान उघडलं की आत्ताच्या वेळेतून ती वजा करायची, आणि निघालेल्या फरकावरून भूक सांगायची. म्हणजे कुणी बघत नसताना तो प्राणी उपाशी नसतोच. एका रकान्यातली तारीख असतो. खेळण्यात आणि साइटमध्ये हाच फरक: खेळण्यातला जीव तुमच्या पाठीमागं झुरत होता, साइटवरचा तुम्ही वळून बघितल्यावर घाईनं झुरल्याचं दाखवतो.

भुकेसाठी अन्न, अन्नासाठी दुकान, दुकानासाठी नाणी. इथपर्यंत आलात की तुम्ही नकळत एक अर्थव्यवस्था चालवायला घेतलेली असते, आणि बहुतेक छोट्या साइट्स इथंच आजारी पडतात. खेळ जिंकला की नाणी नव्यानं तयार होतात, हा नळ. दुसऱ्या खेळाडूकडून वस्तू विकत घेतली तर नाणी फक्त या खिशातून त्या खिशात जातात. साइटच्याच दुकानात खर्च झाली तर ती नाहीशी होतात, ही मोरी. नळ मोठा आणि मोरी बारीक असेल तर महागाई अटळ. मग जुन्या खेळाडूंना लाखो नाणी म्हणजे चिल्लर वाटते आणि कालच आलेल्या मुलाला प्राण्याला रंग देणारा एक साधा कुंचला परवडत नाही. निओपेट्सनं एकेका खेळाचे दिवसाला तीनच वेळा गुण जमा करू देऊन नळ आवळला आणि 'लपलेला मनोरा' नावाच्या दुकानात लाखांच्या किमतीच्या वस्तू ठेवून मोरी रुंदावली. तरी महागाई काही तिथून हटली नाही.

याहून वाईट म्हणजे वस्तू आपोआप दुप्पट होणं. एका खेळाडूकडे एकच दुर्मीळ अंडं आहे. तो दोन टॅब उघडतो आणि दोन्हीकडे 'विका' एकाच क्षणी दाबतो. तुमचा कोड पहिल्या विनंतीला विचारतो, अंडं आहे का? आहे. ते खात्यातून कमी व्हायच्या आत दुसऱ्या विनंतीलाही विचारतो, आहे का? आहे. अंडं एक, पैसे दोनदा. डेटाबेसच्या व्यवहारात नोंद कुलूपबंद करून तपासणी आणि वजाबाकी एकत्र केली की हे भोक बुजतं. काम दोन ओळींचं आहे, पण ते आधी करायचं असतं. नंतर करायला गेलात तर खोटी नाणी प्रामाणिक माणसांच्या खिशातही पोचलेली असतात आणि ती काढून घेताना ओरडा त्यांचाच होतो.

पैशांचा खरा प्रश्नही फार लवकर आला. निओपेट्सनं जाहिरातदारांची उत्पादनं थेट खेळात आणि दुकानांत मिसळली. मुलांना जाहिरात आणि खेळ यातला फरक कळत नाही, ही टीका तेव्हापासून या क्षेत्राच्या मागं लागली ती आजतागायत. २००५ मध्ये व्हायाकॉमनं ही साइट १६ कोटी डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षी कॅनडातल्या गँझ कंपनीनं वेबकिन्झ आणलं: मऊ खेळणं विकत घ्या, त्याच्या गुप्त कोडनं साइटवर वर्षभराचं खातं उघडा. क्लब पेंग्विन हे मुलांचं ऑनलाइन जगही २००५ चंच. तिथं वर्गणी होती, आणि डिस्नेनं २००७ मध्ये ते ३५ कोटी डॉलरना उचललं.

मुलं आली की कायदा येतो. अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायला मनाई करणारा कोप्पा कायदा १९९८ मध्ये झाला आणि एप्रिल २००० पासून लागू झाला. निओपेट्सवर मग लहान मुलांना गप्पांचे विभाग वापरायचे तर पालकांच्या सहीचा कागद पाठवावा लागायचा. आज युरोपात आणि इतरत्र आणखी नियम आहेत, वयाची अट देशागणिक बदलते. 'आमची साइट मोठ्यांसाठी आहे' असं तळाशी बारीक अक्षरात लिहून सुटका होत नाही, कारण गोंडस प्राणी दिसला की मुलं येणारच.

२००७ मध्ये निओपेट्सनं सगळ्या प्राण्यांना कपडे घालता यावेत म्हणून त्यांची चित्रं नव्यानं, एकाच साच्यातल्या उभं राहण्याच्या ढबीत काढली. तांत्रिक दृष्टीनं निर्णय रास्त होता: दर प्राण्यासाठी, दर रंगासाठी वेगळा सदरा कोण काढत बसणार? पण लोक भडकले. ज्याला त्यांनी वर्षानुवर्षं भरवलं होतं तो सकाळी उठून बघतात तर दुसराच कुणीतरी. काही रंगांच्या प्राण्यांना जुन्या रूपात राहू दिलं गेलं, आणि नेमके तेच पुढं सगळ्यात मौल्यवान ठरून चोरट्या बाजारात विकले जाऊ लागले. कपड्यांचा बेत असेल तर पहिलं चित्र काढतानाच सदऱ्याचा विचार करून ठेवा, एवढंच.

फ्लॅशनं, म्हणजे ब्राउझरमध्ये खेळ चालवणाऱ्या अॅडोबीच्या सॉफ्टवेअरनं, मात्र सगळ्यांनाच एकदम धरलं. या काळातले जवळजवळ सगळे खेळ फ्लॅशमध्ये होते. ते २०२० अखेर बंद होणार हे अॅडोबीनं २०१७ मध्येच सांगितलं होतं. मोशी मॉन्स्टर्स ही २००८ पासूनची लाडकी साइट २०१९ च्या डिसेंबरात मिटली, आणि त्यामागं फ्लॅशचंच कारण होतं. फेसबुकवरच्या पेट सोसायटीचं दुखणं वेगळं: खेळ काढणारी कंपनी मोठ्या कंपनीनं घेतली आणि २०१३ च्या जूनमध्ये तिनं तो बंद केला. दोन्हीकडे प्राणी भुकेनं मेले नाहीत, त्यांच्या पायाखालची फरशी काढून घेतली गेली.

नेमक्या त्याच जून २०१३ मध्ये फ्लाइट रायझिंग ही ड्रॅगनची साइट उघडली. फ्लॅशवर न बेतलेली, साधी पानं, स्थिर चित्रं, आणि जनुकांच्या जुळणीतून निघणारी अगणित रंगसंगती. गर्दी झेपेना तेव्हा त्यांनी नोंदणीची दारं ठरावीक वेळाच उघडायला सुरुवात केली. छोट्या गटानं अनुकरण करावं असं मला या इतिहासात काही दिसतं, तर ते हे. कोसळलेल्या सर्व्हरपेक्षा बंद दार बरं.

ब्लॉकचेनवाल्यांचं, म्हणजे प्राण्याची मालकी क्रिप्टो-चलनाच्या सामायिक नोंदवहीत लिहिणाऱ्यांचं, थोडक्यात. २०१७ च्या अखेरीस क्रिप्टोकिटीज नावाच्या मांजरांनी इथेरियम या ब्लॉकचेनचं जाळं तुंबवून दाखवलं. अॅक्सी इन्फिनिटी या तशाच खेळाच्या जाळ्यातून २०२२ मध्ये ६० कोटी डॉलरहून जास्त रक्कम चोरीला गेली. तिथं प्राणी कुणी पाळत नव्हतं, भाव बघत होतं.

त्याच २०२२ मध्ये निओपेट्सचा डेटाबेस फोडला गेला आणि सुमारे ६ कोटी ९० लाख खात्यांची माहिती बाहेर गेली. वर्षानुवर्षं न उघडलेली खातीही त्यात होती. प्राण्यांना मरू न देण्याची किंमत ही अशीही मोजावी लागते: परत येऊ शकणाऱ्या माणसासाठी त्याची माहिती सांभाळत बसायची आणि ती कुणी पळवू नये म्हणून जागत राहायचं. म्हणून जन्मतारीख पूर्ण घेण्याऐवजी नुसतं वर्ष पुरतं का, हे आधी बघावं. २०२३ मध्ये साइट पुन्हा स्वतंत्र चमूकडे आली आणि जुनी माणसं आपापले मरायला टेकलेले प्राणी शोधत परतली.

तुमच्या साइटवर एक बटण पहिल्याच महिन्यात लिहून टाका: प्राण्याचं चित्र, नाव, जन्मदिवस आणि आई-बाप एका फायलीत उतरवून मालकाला देणारं. दुपारभराचं काम आहे. सर्व्हरचं भाडं थकलेलं असताना आणि शेवटची नोटीस लिहायची वेळ आलेली असताना ती दुपार काही मिळत नाही.