बाळाचे नाव आणि २१ दिवसांची मुदत

‘२१ दिवसांत नाव ठरले नाही, तर जन्मदाखला नावाशिवायच राहतो,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. कियान, अद्विक, मायरा अशी वेगळी, सुटसुटीत नावे शोधण्यात बारसे लांबवणारे पालक त्याने धास्तावतात, आणि ते साहजिकच आहे. प्रत्यक्षात ती मुदत जन्माची नोंद करण्याची आहे, नावाची नव्हे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ नुसार नावाचा रकाना कोरा ठेवूनही नोंद होते. पुढे नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. खात्रीसाठी हे कलम आणि त्याखालचे नियम वाचावेत किंवा जिथे जन्म नोंदवला, त्याच निबंधक कार्यालयात विचारावे. एकदा घातलेले नाव बदलणे मात्र खरोखरच जिकिरीचे असते.