सोया दूध

सोया दूध म्हणजे भिजवलेलं सोयाबीन पाण्यात वाटून, गाळून आणि नीट उकळून काढलेलं पांढरट पेय. दिसतं दुधासारखं, नावातही दूध आहे, पण मुळात हा एका शेंगवर्गीय दाण्याचा अर्क आहे आणि हे एकदा डोक्यात बसलं की ते कसं बनवायचं, कशाला घाबरायचं आणि गाईच्या दुधाशी तुलना कुठे जुळते कुठे जुळत नाही हे सगळं आपोआप समजत जातं. काही जण ते दुधाचं नकली रूप समजून नाकं मुरडतात, काही जण औषध समजून पितात, दोन्हीत त्या बिचाऱ्या दाण्यावर अन्याय होतो.

बनवायला दोनच गोष्टी लागतात, सोयाबीन आणि पाणी. कोरडे दाणे निवडून, धुऊन 8 ते 12 तास भिजवायचे, गरम हवेत कमी वेळ पुरतो आणि थंडीत जास्त लागतो. दाणा फुगून वजनाने दुपटीच्या वर जातो, बोटाने दाबून दोन डाळिंब्या केल्या की आतला भाग सपाट आणि सगळीकडे एकाच रंगाचा दिसला पाहिजे, मध्ये पिवळसर खळगा राहिला असेल तर अजून थांबायचं. भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं. सालं काढली तर चव जरा सौम्य होते, नाही काढली तरी अडत काही नाही. मग ताजं पाणी घालून मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटायचं. कोरड्या 100 ग्रॅम दाण्यांना सगळं मिळून 800 मिली ते 1 लिटर पाणी हे साधारण प्रमाण, यापेक्षा कमी घातलं तर दाट आणि जास्त घातलं तर पाणचट, आणि हे प्रमाण फक्त चवीपुरतं नाहीये, पुढे प्रोटीनचा हिशोब येईल तिथे त्याचं महत्त्व कळेल.

आता तो वास. घरी पहिल्यांदा बनवणाऱ्या बहुतेकांचा उत्साह त्या हिरवट, कच्चट वासापाशीच संपतो. गंमत म्हणजे अख्ख्या दाण्यात तो वास फारसा नसतोच, तो वाटताना तयार होतो. दाण्यात लिपॉक्सिजिनेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रोटीन असतं, दाणा फुटला की त्याची गाठ तेलाशी, पाण्याशी आणि हवेतल्या ऑक्सिजनशी पडते आणि काही क्षणांत हेक्झानलसारखे वासाचे पदार्थ तयार होतात, नंतर कितीही उकळा ते पूर्ण जात नाहीत. म्हणून उपाय वाटण्याच्या आधी करायचा असतो. हे एन्झाइम 80 अंश सेल्सिअसच्या वर निकामी होतं, त्यामुळे एकतर भिजलेले दाणे काही मिनिटं उकळत्या पाण्यात काढून घ्यायचे किंवा थेट उकळतं पाणी घालूनच वाटायचं. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच गरम वाटण्याची पद्धत मांडली. दाणे उकळताना चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर वास आणखी कमी होतो, जास्त पडला तर मात्र साबणासारखी चव येते. गरम पद्धतीत थोडं प्रोटीन आधीच घट्ट होऊन चोथ्यात अडकतं, म्हणजे दूध किंचित कमी निघतं, पण पिणारा ते आवडीने पिणार असेल तर हा सौदा चांगलाच म्हणायचा.

सगळ्यात जपायची पायरी म्हणजे उकळणं. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतात, म्हणजे आपल्या पोटातल्या प्रोटीन पचवणाऱ्या एन्झाइमला अडवणारे पदार्थ, शिवाय फेस आणणारे सॅपोनिन आणि पोटाला त्रास देणारे लेक्टिनही असतात. अर्धवट शिजलेलं सोया दूध प्यायलं तर थोड्याच वेळात मळमळ, उलट्या, पोटदुखी होऊ शकते. आणि फसगत अशी होते की सॅपोनिनमुळे हे दूध 80-90 अंशांच्या आसपासच भराभर फेसाळून वर येतं, बघणाऱ्याला वाटतं उकळी आली, तो गॅस बंद करतो. ती उकळी नसते, नुसता फेस असतो! फेस वर आला की आच कमी करायची, ढवळून किंवा थोडं गार पाणी शिंपडून तो खाली बसवायचा, मग खरी उकळी येऊ द्यायची आणि त्यानंतर मंद आचेवर 10 ते 20 मिनिटं ठेवायचं. भांडं मोठं घ्यावं, अर्ध्याच्या वर भरू नये, कारण हे उतू जायला एक सेकंद लागतो, आणि सतत ढवळावं कारण बुडाला लागायलाही वेळ लागत नाही. एकदा करपलं की तो वास सगळ्या दुधात उतरतो.

गाळायचं कधी यावर दोन पद्धती आहेत. चीनमध्ये रूढ असलेल्या पद्धतीत आधी कच्चंच गाळतात आणि मग दूध उकळतात, जपानी पद्धतीत वाटण चोथ्यासकट शिजवतात आणि मग गाळतात. पहिलीत गाळायला सोपं जातं, दुसरीत दूध जरा दाटसर निघतं पण गरम चोथा फडक्यात पिळायचा म्हणजे हात भाजतात. उघड्या भांड्यात गरम दूध ठेवलं तर वर साय धरते, ती सुकवून खातात, जपानीत तिला युबा म्हणतात. आणि गरम दुधात कॅल्शियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम क्लोराइड घातलं की ते फाटतं, तो गोळा दाबून घट्ट केला की टोफू. म्हणजे सोया दूध ही टोफूची मधली पायरी आहे, आणि पूर्व आशियात ते शतकानुशतकं याच नात्याने ओळखलं जातं.

पेय म्हणून ते चीनमध्ये डौजियांग या नावाने गरम पितात, गोडही आणि खारटही. कारखान्यातलं सोया दूध त्या मानाने अगदी अलीकडचं. ली युयिंग या चिनी गृहस्थांनी 1910 च्या सुमारास पॅरिसजवळ सोयाचे पदार्थ बनवणारा कारखाना चालवला आणि सोया दुधाचं पेटंटही घेतलं. पुढे हाँगकाँगमध्ये 1940 साली लो क्वी-सिओंग यांनी व्हिटासॉय ही सोया दुधाची कंपनी सुरू केली, युद्धामुळे आलेल्या निर्वासितांचं कुपोषण बघून त्यांना हे सुचलं होतं. दुधाला स्वस्त पर्याय हवा ही त्यामागची तळमळ होती, आज जी आवड किंवा फॅशन म्हणून पाहिली जाते तिची सुरुवात ही अशी भुकेतून झालेली आहे.

आता गाईच्या दुधाशी तुलना. गाईच्या फुल फॅट दुधात 100 मिलीमागे साधारण 3.3 ग्रॅम प्रोटीन असतं, बिनसाखरेच्या चांगल्या सोया दुधात ते 3 ते 3.5 ग्रॅम. इथे बरोबरी आहे आणि वनस्पतीपासून बनणाऱ्या पेयांत ही गोष्ट दुर्मिळ आहे, बदाम किंवा तांदळाच्या पेयात बहुतेक वेळा 1 ग्रॅम किंवा त्याहूनही कमी सापडतं. पण हिशोब करून बघा, 100 ग्रॅम दाण्यात साधारण 36 ग्रॅम प्रोटीन, त्यातलं तीन चतुर्थांश दुधात उतरलं तर 27 ग्रॅम, ते 900 मिलीत पसरलं की 100 मिलीला 3 ग्रॅम. पाणी दीडपट केलं की 2 ग्रॅम. म्हणून 'सोया दुधात इतकं प्रोटीन असतं' हे वाक्य पाण्याचं प्रमाण सांगितल्याशिवाय अर्धवट आहे, विकत घेताना तर लेबल बघायलाच हवं. दर्जाचं म्हणाल तर सोयाचं प्रोटीन वनस्पतींमधल्या उत्तम प्रोटीनपैकी आहे, मेथिओनिन हे अमिनो आम्ल थोडं कमी पडतं, दुधाचं प्रोटीन दर्जाच्या मोजमापात जरा वर राहतं.

फॅटमध्ये फरक मोठा आहे. गाईच्या दुधातलं निम्म्याहून जास्त फॅट संपृक्त प्रकारचं, सोयामधलं बहुतांश असंपृक्त, आणि प्रमाणही 100 मिलीला साधारण 2 ग्रॅमच्या आसपास. कोलेस्टेरॉल सोयात नसतंच. लॅक्टोजही नसतं, त्यामुळे ज्यांना दूध प्यायल्यावर पोट फुगतं, जुलाब होतात त्यांना हे सोसतं, पण सोयात रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा असतात ज्या आपल्याला पचत नाहीत आणि आतड्यातले जिवाणू त्यांचा गॅस करतात, म्हणून काहींचं पोट यानेही फुगतं. भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं ते यासाठीही.

कॅल्शियमपाशी घरचं सोया दूध साफ मागे पडतं. गाईच्या दुधात 100 मिलीला 120 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, घरी बनवलेल्या सोयात त्याच्या पाव भागाइतकंही नसतं. बी 12 तर अजिबातच नाही. विकतच्या पॅकेटमध्ये कॅल्शियम, बी 12, ड जीवनसत्त्व वरून घातलेलं असतं, सगळ्यात नाही पण पुष्कळांत, आणि ते कॅल्शियम तळाशी बसतं त्यामुळे ओतण्याआधी पॅकेट जोरात हलवायचं, नाहीतर पैसे दिलेलं कॅल्शियम डब्यातच राहतं. घरचं म्हणजे शुद्ध म्हणून दूध पूर्ण बंद करून फक्त हेच पिणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं, कॅल्शियम आणि बी 12 दुसरीकडून मिळतंय ना ते तपासावं.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी किंवा फॉर्म्युलाऐवजी साधं सोया दूध कधीच देऊ नये. सोया फॉर्म्युला ही वेगळी वस्तू आहे आणि ती डॉक्टरांना विचारून. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाही चालत नाही. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यात अंतर ठेवावं, कारण गोळी नीट शोषली जात नाही. सोयातल्या आयसोफ्लेवोनमुळे, म्हणजे रचनेने इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारख्या असणाऱ्या पदार्थांमुळे, पुरुषांचे हार्मोन बिघडतात अशी भीती खूप पसरली आहे, पण माणसांवर झालेल्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसलेला नाही.

पर्यावरणाच्या बाबतीत आकडे सोयाच्या बाजूने आहेत. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांच्या 2018 च्या जागतिक अभ्यासात एका लिटरमागे गाईच्या दुधाचं सरासरी हरितगृह वायू उत्सर्जन 3 किलोच्या वर आणि सोया दुधाचं 1 किलोच्या आसपास निघालं, जमीनही कित्येक पटीने कमी लागते.

वापरताना एक अडचण नेहमी येते, कॉफीत घातलं की फाटतं. कॉफी आंबट असते आणि वर गरम, त्यामुळे प्रोटीनच्या गुठळ्या होतात. दूध आधी कोमट करून घ्यायचं आणि कॉफी जरा निवल्यावर तिच्यात हळूहळू ओतायचं, बरंच टळतं. दही लागतं पण लॅक्टोज नसल्याने थोडी साखर घातली तर जिवाणूंना सोपं जातं. घरचं दूध लगेच गार करून फ्रिजमध्ये ठेवलं की 3 दिवस टिकतं, आंबूस वास आला किंवा तार धरली की टाकून द्यावं. उरलेला चोथा, ज्याला जपानीत ओकारा म्हणतात, त्यात बराचसा तंतू आणि बरंच प्रोटीन शिल्लक असतं, तो पिठात मळता येतो, पण कच्च्या वाटणाचा असेल तर आधी नीट शिजवायला हवा, आणि ओलसर असल्याने तो दुधापेक्षाही लवकर खराब होतो, म्हणून त्याच दिवशी वापरावा किंवा फ्रीझरमध्ये टाकावा.