फेब्रुवारीत गावात कोण असते? झाडीपट्टीतल्या शिरगणतीची पार्श्वभूमी

देशाची सोळावी जनगणना आता तोंडावर आली आहे. ती 2021 मध्ये व्हायची होती. कोरोनात थांबली आणि मग लांबतच गेली. जून 2025 च्या अधिसूचनेप्रमाणे 28 फेब्रुवारी संपून 1 मार्च 2027 सुरू होतो ती मध्यरात्र संदर्भवेळ धरली जाईल. मोजणी मोबाइलवर होणार आणि जात विचारली जाणार, या दोनच गोष्टींवर सगळीकडे चर्चा चालू आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, मात्र खरा घोळ महिन्याचा आहे. फेब्रुवारीत आमच्याकडे गावोगाव दारांना कुलपे असतात.

आधी थोडे मागचे. जगाची लोकसंख्या 1804 च्या सुमारास 100 कोटी झाली. 200 कोटींसाठी 1927 उजाडावे लागले, 300 कोटी 1960 मध्ये, आणि त्यानंतर दर बारा-पंधरा वर्षांनी 100 कोटींची भर पडत 15 नोव्हेंबर 2022 ला आकडा 800 कोटींवर गेला. वाढीचा वेग सर्वांत जास्त होता तो 1960 च्या दशकाच्या अखेरीस, वर्षाला 2 टक्क्यांहून थोडा अधिक. आज तो 1 टक्क्याच्या खाली आहे. माणसे वाढत आहेत पण वाढ मंदावते आहे, हे चित्र आता गावपातळीपर्यंत दिसते.

वऱ्हाडात पहिली शिरगणती झाली 1867 मध्ये, देशभराच्या मोजणीच्याही आधी. तेव्हा 22 लाखांच्या आसपास माणसे भरली. कापसाला भाव होता, त्याच वर्षी रेल्वे नागपूरला पोचली होती, काळ्या जमिनीवर बाहेरून कुटुंबे येऊन बसत होती. 1891 पर्यंत वऱ्हाड 29 लाखांना भिडला. मग 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ आले आणि 1901 च्या मोजणीत आकडा साडेसत्तावीस लाखांवर उतरला. दहा वर्षांत दीड लाखाच्या आसपास माणसे कमी, आणि हे त्या दशकात जन्मलेल्या मुलांना धरून. पुढे 1918 ची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ आली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा तिचा सर्वांत जास्त फटका बसलेल्या मुलखांपैकी एक. 1921 मध्ये साऱ्या देशाची लोकसंख्या मागच्या मोजणीपेक्षा किंचित कमी भरली. तसे त्यानंतर पुन्हा कधी झालेले नाही.

त्या काळाची खूण सातबाऱ्यावर आजही भेटते. महसुलाच्या यादीत गाव असते, त्याला शीव असते, नकाशा असतो, फक्त वस्ती नसते. आमच्याकडे त्याला रिठी म्हणतात. दप्तरातला जुना शब्द बेचिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे गाव. लोकांच्या तोंडी त्याचे बेचिराख झाले आणि शब्दात राख शिरली, तरी मुळात आगीचा काही संबंध नाही. 2011 मध्ये राज्यातल्या 43 हजार 600 हून अधिक गावांपैकी जवळपास 2 हजार 700 गावे निर्जन होती आणि त्यांत विदर्भाचा वाटा मोठा. रिठीत गेले की पडकी विहीर, चिंच आणि शेंदूर फासलेला मारुती सापडतो. शेजारच्या गावचे लोक तिथली शेती करतात आणि सणाला मारुतीला नारळ फोडून येतात. ही सगळीच गावे दुष्काळाने उठली असे मात्र नाही. काही पिढ्यान्‌पिढ्या निव्वळ शेताची गावे होती, काही धरणात किंवा जंगलात गेली.

स्वातंत्र्यानंतर भीती उलट बाजूची होती. माणसे फार होत आहेत, ही. 1952 मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला, असे करणारा हा जगातला पहिला देश. आणीबाणीत 1976-77 या एका वर्षात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. पुढे राज्याने दोन अपत्यांची अट आणली. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे मूल झाले असेल तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. 2019-21 च्या पाहणीत राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, 1.7 भरला. लोकसंख्या आहे तेवढी टिकवायला 2.1 लागतो. मुले किती व्हावीत याचा निर्णय ज्या घरांत बाईच्या हाती नव्हता, त्या घरांतल्या बाईचे सदस्यपद या अटीने गेले. जननदर तर ही अट नसलेल्या राज्यांतही उतरला.

2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्र 16 टक्क्यांनी वाढला. वर्धा जिल्हा वाढला 5.2 टक्के, भंडारा 5.7, चंद्रपूर 6.4. वर्ध्याच्या ग्रामीण भागाची लोकसंख्या तर 30 हजारांहून अधिक घटली. त्यात काही वाटा शहराला चिकटलेल्या गावांची गणती शहरांत झाली, त्याचा आहे. मुले कमी, तरुण नागपूर-पुण्याला, मागे म्हातारी माणसे, ही आजची ओळखीची गोष्ट आहे. पण या आकड्यांच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कुणी फारसे पाहत नाही. रहिवासी कुणाला म्हणायचे?

1881 पासून 1931 पर्यंत मोजणी एका रात्रीची असे. काही आठवडे आधी घरोघर याद्या करून ठेवायच्या आणि ठरलेल्या रात्री प्रगणकाने कंदील घेऊन पुन्हा फिरायचे. जो त्या रात्री जिथे निजला, तो तिथला. तारीख निवडताना चांदणे पाहत, जत्रा आणि लग्नाच्या तिथी टाळत. पद्धत कष्टाची होती, पण व्याख्या सरळ होती. 1941 मध्ये एका रात्रीची मोजणी सोडली आणि माणूस नेहमी राहतो कुठे ते पाहायचे ठरले. ऐकायला हे जास्त न्याय्य वाटते. घोळ सुरू होतो तो इथून.

2011 चा नियम असा होता. मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी. माणूस नेहमी या घरात राहतो आणि या वीस दिवसांत एक दिवस तरी इथे होता किंवा असणार आहे, तर त्याचे नाव इथे लिहायचे. पूर्ण वीस दिवस बाहेर असेल तर लिहायचे नाही, तो जिथे सापडेल तिथे त्याची मोजणी होईल. ज्यांना घरच नाही त्यांची मोजणी 28 तारखेच्या रात्री. 1 ते 5 मार्च फेरतपासणी. म्हणजे नेहमीचा रहिवास हा शब्द नियमात आहे, पण त्याला वीस दिवसांची गाठ मारलेली आहे. कुटुंब अकरा महिने गावात राहिले आणि नेमके त्या वीस दिवसांत नसले, तर त्या गावाच्या दृष्टीने ते नाही.

फेब्रुवारी निवडण्यामागे कारण आहे. हवा कोरडी, रस्ते मोकळे, आणि देशभराचा विचार केला तर माणसांची हलचल या दिवसांत सर्वांत कमी, असे मानले जाते. सगळ्या देशाचा हिशोब करणाऱ्याला ते बरोबरही वाटेल. झाडीपट्टीत ते साफ चुकते. इथे बहुतेकांचे पीक एकच, धान. डिसेंबरपर्यंत मळणी आटोपते, पुढे बांध्यांत काम नाही. संक्रांत झाली की मूल, सावली, सिंदेवाही, गोंडपिपरीकडून जीप भरभरून मजूर खम्मम-वारंगलकडे मिरची तोडायला निघतात. त्यात बाया जास्त. तांदळाचे पोते, गंज म्हणजे पातेले, चादरी आणि शाळेत जाणारी एखादी मुलगी धाकट्याला सांभाळायला सोबत. शेताच्या कडेला ताडपत्रीचे पाल ठोकून दीड-दोन महिने राहायचे आणि होळीला परतायचे, येताना वर्षाच्या तिखटापुरत्या मिरच्या घेऊन. मेळघाटातल्या कोरकूंचेही तेच, दिवाळीनंतर बाहेर आणि होळीला गावात. मराठवाड्यातला ऊसतोड मजूरही फेब्रुवारीत फडावरच असतो. देशाची हलचल कमी असते तेव्हा या माणसांची सर्वांत जास्त असते.

2011 मध्ये मी प्रगणक होतो. शिक्षकांना ते काम चुकत नाही. माझा गट सव्वाशे घरांचा, नजरी नकाशा मीच काढला होता. एका घरी आजी दोन नातवांना घेऊन अंगणात बसली होती, सुपात लाखोळीची डाळ. मुलगा, सून आणि मोठी नात कुठे म्हणून विचारले.

"मिरच्या तोडाले गेले जी गुरुजी. होळीले येतीन."

कधी गेले, तर संक्रांतीनंतर चार दिवसांनी. त्या वर्षी होळी 19 मार्चची होती. मी नियम पाळला आणि तीन नावे लिहिली. आजीने आतून रेशनकार्ड आणून माझ्यापुढे धरले. "ह्याच्यात सहा नावं आहेत जी, तुमच्या कागदात तीनच काहून?" मी समजावले की तिकडे कुणी तरी लिहील त्यांना. ती काही बोलली नाही, कार्ड पदरात गुंडाळून आत गेली. तिकडे तेलुगू बोलणारा प्रगणक शेताच्या कडेचे पाल शोधत आला असेल, त्या पालाला त्याने घर धरले असेल किंवा बेघरांच्या रात्री तिथवर पोचला असेल, तरच मी सांगितलेले खरे ठरणार होते.

शेजारच्या गटातल्या सहकाऱ्याने उलट केले. माणसे गावचीच आहेत, मतदार यादीत आहेत, मग सोडायची कशी, म्हणून त्याने बाहेर गेलेल्यांची नावे लिहून टाकली. त्याच्याशी तेव्हा मी भांडलो होतो. आज भांडणार नाही. पण एकाच गावाचे दोन अर्धे दोन वेगळ्या व्याख्यांनी मोजले गेले आणि बेरीज एकच छापली गेली, हेही खरे.

आणि ती बेरीज नुसती पुस्तकात राहत नाही. ग्रामपंचायतीत 1500 लोकसंख्येपर्यंत 7 सदस्य, त्यापुढे 3000 पर्यंत 9. तीसेक माणसे मिरचीच्या शेतात राहिली म्हणून एखाद्या गावाच्या दोन जागा जाऊ शकतात. प्राथमिक आरोग्य केंद्राला साध्या भागात 30 हजार आणि आदिवासी भागात 20 हजार लोकसंख्येचा निकष आहे, उपकेंद्राला 5 हजार आणि 3 हजार. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात राज्याला सुमारे 7 कोटी लाभार्थ्यांची मर्यादा मिळाली, तीही 2011 च्या आकड्यांवरून. नवी मोजणी झाली नाही म्हणून आजवर तीच चालू आहे. स्थलांतराच्या तक्त्यांतही या बाया दिसत नाहीत. बाईने गाव सोडण्याचे कारण तिथे बहुतेक वेळा लग्न असे लिहिलेले असते.

हे लोक एका वेळी सरकारी कागदावर नीट आले, ते 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये. टाळेबंदी लागली तेव्हा मिरचीची तोडणी संपत आली होती. जीप बंद. माणसे जंगलातून आणि नदी ओलांडून चालत सीमेवर पोचली. गावोगावच्या शाळांत त्यांना चौदा दिवस ठेवले. आमच्या शाळेत नोंदीचे काम माझ्याकडे होते. शंभर पानी वही आणली होती. नाव, वय, कोणत्या गावाहून आले, कधी गेले होते, सोबत मुले किती, असे रकाने मीच आखले. नऊ वर्षांपूर्वी ज्या घरात मी तीन नावे लिहिली होती, त्या घरातली सूनही त्यात आली. तिची मोठी मुलगी आता लग्न होऊन दुसऱ्या गावी होती आणि तीही मिरचीलाच गेली होती, तिची नोंद तिच्या गावच्या शाळेत झाली असणार. मे महिन्यात आमची वही तालुक्याला मागवून घेतली गेली.

2027 च्या मोजणीत कुटुंबाला स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोय ठेवली आहे. फोनवर कुठूनही भरता येईल असे म्हणतात. पण बाहेर असलेल्यांना कुठे मोजायचे, याच्यावर बोलणे झालेले माझ्या कानावर नाही. मोजणी फेब्रुवारीतच आहे, आणि त्या वर्षी होळी 20 मार्चच्या पुढे येते.