जुन्या गाडीचं मीटर: केबलपासून डेटापर्यंत

जुन्या गाडीचं मीटर बदलायचं म्हटलं की मुंबईत दोन पत्ते हमखास सांगितले जातात: कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊस. पहिल्या ठिकाणी मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग मिळतात, दुसऱ्या ठिकाणी नवे सुटे भाग. वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा, टेम्परेचर, ऑइल आणि बॅटरीचे दिवे हे सगळं ज्या डब्यात असतं त्याला दोन्हीकडे ‘मीटर’ एवढंच म्हणतात. कुणाला आरपीएमचा, म्हणजे इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे दाखवणारा, काटा असलेलं मीटर हवं असतं, कुणाला आकड्यांचं डिजिटल, कुणाला फक्त रात्री नीट दिसणारं. मीटर मिळतंही. अडतं ते बसवल्यानंतर. स्क्रू जुळतात, वायरींचा कपलर जुळतो, काचही बसते, पण काटा चुकीचं दाखवतो.

याचं कारण गाडी कोणत्या काळात बनली यात असतं. काट्याला हलवणारी गोष्ट गेल्या सव्वाशे वर्षांत बदलत गेली. आधी फिरती केबल होती, मग तारेतला करंट आला, पुढे सेन्सरच्या पल्स, म्हणजे विजेचे छोटे ठोके, आल्या आणि आता डेटा. एका काळातलं मीटर दुसऱ्या काळातल्या गाडीला लावायचं तर मध्ये काहीतरी भाषांतर करणारं लागतं. हा इतिहास माहीत असला की बरेच पैसे आणि बराच मनस्ताप वाचतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगावासा वाटतो.

ऑटो शुल्झे या जर्मन संशोधकानं १९०२ साली ज्या वेगमापकाचं पेटंट घेतलं, त्याच तत्त्वावर पुढची जवळजवळ नव्वद वर्षं जगभरातल्या गाड्या वेग दाखवत राहिल्या. गिअरबॉक्समधून एक लवचीक केबल निघते आणि डॅशबोर्डमागे येऊन एका चुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची हलकी वाटी असते. दोघं एकमेकांना शिवत नाहीत. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरा प्रवाह तयार होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोन ओढींचा जिथे मेळ बसतो, तिथे काटा थांबतो. यात ना बॅटरी लागते ना वायर. गाडीची बॅटरी काढून ठेवली आणि गाडी नुसती ढकलत नेली, तरी किलोमीटरचे आकडे पुढे सरकतात.

मुंबईला हे यंत्र लवकर ओळखीचं झालं. जनरल मोटर्सनं १९२८ साली शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या व नंतर फियाट जुळू लागल्या. इंग्लंड-अमेरिकेहून आलेल्या त्या काळच्या गाड्यांच्या डायलवर मैल असत. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती सक्तीची झाली. मैलांचा नुसता डायल बदलून भागत नसे, कारण आतल्या आकड्यांच्या चाकांचे गिअरही मैलांच्या हिशेबानं कापलेले असत. मीटरमध्ये दिसणारा आणि न दिसणारा असे दोन भाग असतात, ही गोष्ट त्या काळापासूनची आहे.

 टॅक्सीचं भाड्याचं जुनं यांत्रिक मीटरही केबलवरच चालायचं आणि त्याची मूठ खाली पाडली की प्रवास सुरू. २०१२ साली मुंबईत इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले आणि ती मूठ गेली, पण ‘मीटर डाऊन’ हे शब्द मुंबईकरांच्या तोंडात राहिले.

केबलवाल्या मीटरचं दुखणं बहुतेक वेळा मीटरचं नसतंच. काटा ३० ते ५० मध्ये नाचतोय, डॅशबोर्डमागून कर्र असा आवाज येतोय, तर केबल कोरडी पडलेली असते किंवा कुठेतरी करकचून वळलेली असते. मुंबईच्या पावसाळी हवेत तर हे ठरलेलंच. जाणता कारागीर आतली केबल ओढून काढतो, पुसतो, बोटांवर हलकं ग्रीस घेऊन खालच्या टोकापासून लावत येतो आणि मीटरकडचं वरचं टोक कोरडं ठेवतो. ही शेवटची खबरदारी फार महत्त्वाची. फिरती केबल ग्रीस वर चढवते, ते मीटरच्या आत शिरतं आणि चुंबक-वाटीमधल्या बारीक फटीत साचतं. मग काटा प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवू लागतो आणि चांगलं मीटर ‘खराब’ म्हणून भंगारात जातं. मीटर बदलायचा विचार करण्याआधी केबल तपासा, हे मी प्रत्येकाला कळकळीनं सांगतो.

पेट्रोल आणि टेम्परेचरच्या काट्यांची गोष्ट वेगळी. टाकीत तरंगता फ्लोट असतो. तो वरखाली झाला की सेंडरचा, म्हणजे फ्लोटला जोडलेल्या विद्युत भागाचा, रोध (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) बदलतो आणि त्यानुसार काट्याकडे जाणारा करंट कमीजास्त होतो. कित्येक जुन्या गाड्यांत काट्यामागे दोन धातूंची पट्टी असते. करंटनं ती तापते, वाकते आणि काटा सावकाश चढतो. चावी फिरवल्यावर पेट्रोलचा काटा रमतगमत वर येतो तो यामुळेच. मेख आहे ती सेंडरच्या रोधात. युरोपात रूढ असलेल्या एका पद्धतीत टाकी रिकामी असताना सुमारे १० ओहम आणि भरलेली असताना १८० ओहम असतात. बऱ्याच जपानी गाड्यांत हिशेब उलटा: रिकामी टाकी सुमारे ११० ओहम, भरलेली ३ ओहम. म्हणजे एका घराण्याचं मीटर दुसऱ्या घराण्याच्या टाकीला जोडलं, तर टाकी फुल्ल असताना काटा तळाला जाऊ शकतो. दुकानदार अशा वेळी दुसरं मीटर देतो, तेही तसंच वागतं. मीटरसोबत सेंडरही त्याच गाडीचा घ्यावा किंवा मध्ये जुळवणी करणारं सर्किट लावावं, याला पर्याय नाही.

आणखी एक ओळखीची तक्रार: हेडलाइट लावले की पेट्रोल आणि टेम्परेचर हे दोन्ही काटे एकदम हलतात. दोन्ही एकाच वेळी बिघडणं जवळजवळ अशक्य. मीटरचं अर्थिंग सुटलेलं असतं. मीटरच्या पाठीला तांब्याच्या रेषा असलेली पातळ प्लॅस्टिकची पट्टी असते. दमट हवेत तिच्यावर हिरवट थर धरतो आणि स्क्रूखालची अर्थिंगची जोडणी सैल पडते. खोडरबरानं त्या रेषा हळूच घासल्या आणि एक स्वतंत्र अर्थ वायर दिली, तर वर्षानुवर्षांची तक्रार मिटते.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि साध्या, हलक्या जपानी मीटरची सवय देशाला लागली. ७९६ सीसीच्या त्या तीन सिलिंडरच्या गाडीत आरपीएमचा काटा नव्हता आणि नेमका तोच हौशी लोकांना हवा असे. इथे गणित आडवं येतं, कारण हा काटा ठिणग्या मोजून फेरे दाखवतो. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन ठिणग्या पडतात, तीन सिलिंडरच्या इंजिनात दीड. चार सिलिंडरच्या गाडीचं मीटर ८०० ला लावलं तर ते पाऊण आकडा दाखवतं. इंजिन ३००० वर फिरत असताना काटा २२५० वर. चालवणारा निर्धास्तपणे आणखी गॅस देतो. सिलिंडरची संख्या निवडता येईल असंच मीटर घ्यायला हवं.

पुढे वेगाची केबलही गेली. गिअरबॉक्सवर सेन्सर आला, तो ठरावीक अंतराला ठरावीक पल्स पाठवतो आणि मीटरमधली छोटी मोटर काटा फिरवते. जपानी प्रमाणात केबल एका किलोमीटरला ६३७ फेरे घेते. सेन्सर दर फेऱ्याला चार पल्स देत असेल तर किलोमीटरला २५४८ पल्स झाल्या. हा एक आकडा ठाऊक असला की केबलवाल्या जुन्या गाडीला नवं मीटर जोडता येतं: केबलच्या जागी, त्याच आट्यांवर, पल्स देणारा सेन्सर बसवायचा आणि मीटरला हा आकडा सांगायचा. माझ्या मते जुन्या गाडीसाठी हाच सगळ्यात स्वच्छ मार्ग आहे. गाडीत कापाकापी नाही आणि उद्या मन बदललं तर मूळ केबल पुन्हा लावता येते.

जीपीएसवरचे वेगमापकही मिळतात आणि बसवायला सोपे असतात. मोकळ्या रस्त्यावर ते अचूक असतात, पण कोस्टल रोडच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात शिरलं की उपग्रह दिसेनासे होतात. जिथे वेगमर्यादा कमी होते, कॅमेरे लावलेले असतात, नेमकं तिथेच मीटर गप्प. जोडीला दुसरं साधन म्हणून ठीक, एकमेव म्हणून नको.

डिजिटल आकड्यांचं आकर्षण वाटतं तितकं नवं नाही. ॲस्टन मार्टिननं १९७६ साली लगोंडा दाखवली ती एलईडीच्या आकड्यांसह, आणि ते इलेक्ट्रॉनिक्स त्या गाडीची कायमची डोकेदुखी ठरलं. १९८४ च्या ओपेल कॅडेट जीएसआयला एलसीडीचं मीटर होतं. आपल्याकडे २००६ च्या होंडा सिव्हिकनं वेगाचे आकडे वर आणि आरपीएमचा काटा खाली अशी दुमजली मांडणी आणली, तेव्हा डिजिटल मीटर अनेकांनी पहिल्यांदा जवळून पाहिलं.

खरं वळण मात्र काचेवर दिसलं नाही. बॉशनं १९८६ साली कॅन ही पद्धत जाहीर केली आणि १९९१ च्या मर्सिडीज एस-क्लासपासून ती गाड्यांत येऊ लागली. दोन वायरींवर गाडीतले सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात आणि मीटरही त्यांतलाच एक कॉम्प्युटर होतो. २००० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत किलोमीटरचा आकडा मीटरमधल्या चिपवर असतो, काहींत चावी ओळखणारं इमोबिलायझरही मीटरशी जोडलेलं. असं मीटर भंगारातून आणून लावलं तर किलोमीटर दुसऱ्या गाडीचे येतात आणि कधी कधी गाडी सुरूच होत नाही. योग्य साधनानं कोडिंग करून मीटर गाडीशी जुळवून देणारा माणूस आधी शोधावा, मीटर नंतर. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२, म्हणजे इंजिनमधले दोष स्वतः तपासून सांगणारी व्यवस्था, सक्तीची झाली. त्यानंतरच्या गाडीत मूळ मीटरला हात न लावता स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये छोटा डिस्प्ले जोडला, तर आरपीएम, इंजिनचं तापमान, वेग हे सगळं मिळतं. तिथे मीटर बदलायची गरजच मला दिसत नाही.

सगळ्यात जास्त केली जाणारी सुधारणा म्हणजे मीटरमधले बल्ब काढून एलईडी लावणं. प्रकाशाच्या बल्बबद्दल काही म्हणणं नाही. पण बॅटरीच्या खुणेचा लाल दिवा सोडून द्या. अनेक जुन्या गाड्यांत त्याच बल्बमधून जाणारा करंट आल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, सुरुवातीचं चेतन देतो. एलईडी तेवढा करंट जाऊ देत नाही, चार्जिंग उशिरा सुरू होतं किंवा होतच नाही, आणि भर पावसात वायपर-हेडलाइट चालू असताना बॅटरी उतरते. एलईडी लावायचाच असेल तर त्याला समांतर रेझिस्टर द्यावा लागतो.

कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११७ वा नियम वेगमापकाबद्दल आहे आणि तो आयएस ११८२७ या मानकाकडे बोट दाखवतो. जगभरात रूढ असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार वेगमापकानं प्रत्यक्षापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये. जास्त दाखवला तर दहा टक्के आणि वर ४ किलोमीटर इथपर्यंत चालतो. सी लिंकवर गाडी खरोखर ८० वर असेल तर काटा ९२ पर्यंत असू शकतो, ७८ वर मात्र कधीच नको. मोठे टायर लावलेल्या गाडीत काटा नेमका असा कमी वेग दाखवतो, म्हणून टायर आणि मीटर यांचा विचार एकत्र करावा.

३० ऑक्टोबर २०२३ पासून प्रीमियरची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण खासगी पद्मिनी अनेकांनी जिवापाड जपल्या आहेत. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि सत्तरच्या दशकातल्या पहिल्या पद्मिनी आता त्या वयाच्या झाल्या आहेत. अशा गाडीचं मीटर दुरुस्तच करावं. बदलणं भागच पडलं तर जुनं मीटर जपून ठेवावं आणि ज्या दिवशी बदललं त्या दिवशीचं त्याचं रीडिंग, नव्या मीटरचं सुरुवातीचं रीडिंग आणि तारीख कारागिराच्या बिलावर लिहून घ्यावी. पुढे गाडी विकताना घेणाऱ्याला ते बिल दाखवावं. कोणत्याही काळातली गाडी असो, एवढं तरी करावंच.