पेशींना रविवार नसतो

रविवारी सकाळी इन्क्युबेटर उघडला आणि गुलाबी असायला हवा तो मीडिया पिवळा दिसला, की पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची सुट्टी संपली. कर्करोगाच्या पेशी ३७ अंश सेल्सिअसला, मीडिया म्हणजे पोषक द्रावणात वाढवतात. त्यातलं फिनॉल रेड हे रंगद्रव्य आम्लता वाढली की पिवळं पडतं: खाणं संपत आलं, कचरा साठला, द्रावण बदला. प्रयोगशाळांमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रसिद्ध हेला कर्करोगपेशी तर साधारण २४ तासांत दुप्पट होतात.

हे झालं सगळं सुरळीत चाललं तर. मायकोप्लाझ्मा शिरला, तर द्रावण गढूळसुद्धा होत नाही. या जिवाणूला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याचं काही बिघडवू शकत नाही. आणि तो इतका बारीक की नेहमीच्या गाळणीतूनही निसटतो. पेशी मात्र वेगळ्याच वागू लागतात. उशिरा चाचणी केली, तर आधीच्या कित्येक महिन्यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही. सगळं फेकायचं, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून जपून ठेवलेली कुपी काढायची, पुन्हा श्रीगणेशा. फेलोशिपची मुदत या कारणाने आपोआप वाढत नाही. विद्यार्थ्यांना आधार द्यायचा, तर माझ्या मते हे वाया जाणारे महिने आधीच हिशेबात धरले पाहिजेत. ताणतणावावरची व्याख्यानं नंतर.

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ कॅरल ग्रायडर यांचंच बघा. त्यांना डिस्लेक्सिया होता. प्रवेशपरीक्षेतले गुण कमी, म्हणून बहुतेक विद्यापीठांनी नकार दिला. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने घेतलं. तिथे एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या लॅबमध्ये, टेट्राहायमेना या तळ्यातल्या एकपेशीय जिवावर काम करताना, १९८४ च्या नाताळच्या दिवशी (सुट्टीच की!) त्यांना एक्स-रे फिल्मवर शिडीसारखे पट्टे दिसले, डीएनएच्या दर सहा अक्षरांनी एक पायरी. गुणसूत्रांची टोकं लांबवणारं एन्झाइम सापडलं होतं: टेलोमरेज. बहुतेक कर्करोगपेशी याच एन्झाइमच्या जोरावर न थांबता विभागत राहतात, हे पुढे कळलं.

पण पेपर लगेच नाही आला. हे दुसऱ्याच एखाद्या एन्झाइमचं काम तर नाही ना, हे तपासण्यात दोघींचे कितीतरी महिने गेले. तो छापून आला डिसेंबर १९८५ मध्ये. नोबेल २००९ मध्ये. पट्टे दिसल्यापासून पेपर येईपर्यंतच्या त्या वर्षात ग्रायडर स्वतःचाच शोध खोटा ठरवायचा प्रयत्न करत होत्या, आणि तेव्हा त्या विद्यार्थिनीच होत्या.