सेकंदाची दोन घराणी

भिंतीवरचं दोनतीनशे रुपयांचं सेलवरचं घड्याळ महिन्याभरात पंधरा-वीस सेकंदांनी चुकतं. काही लाखांचं स्विस किंवा जपानी चावीचं घड्याळ तेवढं तीन-चार दिवसांतच चुकतं. हे ऐकलं की समोरचा हमखास विचारतो, ‘मग लाख मोजायचे कशासाठी?’ मला हा प्रश्न मनापासून आवडतो, कारण त्याचं उत्तर द्यायचं तर घड्याळाच्या पोटात उतरावं लागतं.

चावी दिली की आतली मेनस्प्रिंग घट्ट गुंडाळली जाते. तिला एका दमात सुटायचं असतं. ती तशी सुटली तर काटे काही क्षणांत गरगरून थांबतील. म्हणून चाकांच्या साखळीच्या शेवटी एक राखणदार बसवलेला असतो, त्याला एस्केपमेंट म्हणतात. तो एका वेळी एकच दात पुढे सोडतो आणि लगेच अडवतो. कधी सोडायचं हे ठरवतं बॅलन्स व्हील, म्हणजे केसाहून बारीक हेअरस्प्रिंगच्या जोरावर इकडून तिकडे झुलणारं छोटंसं चाक. कानाला लावल्यावर जी टिकटिक येते ती या अडवण्या-सोडण्याची. आजच्या बहुतेक चांगल्या घड्याळांत ती सेकंदाला ८ वेळा होते, म्हणजे दिवसाला ६,९१,२०० वेळा. दिवसाला पाच सेकंदांची चूक म्हणजे लाख ठोक्यांमागे जेमतेम सहा ठोक्यांची चूक. सेल नाही, वीज नाही, फक्त पोलाद, पितळ आणि माणकाचे खडे. एवढ्या सामग्रीत हा हिशेब जमवणं किती अवघड आहे हे एकदा लक्षात आलं की त्या पाच सेकंदांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

हिशेब बिघडवणाऱ्या गोष्टी तीन: उष्णता, गुरुत्वाकर्षण आणि तेल. उष्णतेने हेअरस्प्रिंग मऊ पडते आणि घड्याळ मागे पडू लागतं. साध्या पोलादी स्प्रिंगचं घड्याळ एका अंशाच्या वाढीला दिवसाकाठी साधारण १० सेकंद मागे पडतं. विदर्भात मे महिन्यात पहाट आणि दुपार यांत पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. दुपारचा तो चटका दिवसभर टिकला, तर असं घड्याळ अडीच मिनिटं मागे गेलेलं दिसेल. यावर तोडगा काढला शार्ल एदुआर गियोम यांनी. फ्लरिए या स्विस गावातल्या घड्याळजीच्या घरात १८६१ साली जन्मलेले हे शास्त्रज्ञ पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजन-मापे संस्थेत काम करत. निकेल आणि लोखंडाच्या मिश्रधातूंचा अभ्यास करताना त्यांना आधी इन्व्हार सापडला, जो तापल्यावर जवळजवळ प्रसरण पावत नाही, आणि पुढे एलिन्व्हार, ज्याची लवचिकता तापमानाने फारशी बदलत नाही. १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आइन्स्टाइनना ते मिळालं त्याच्या आदल्या वर्षी. त्या पारितोषिकाचं एक मूळ घड्याळातल्या स्प्रिंगमध्ये आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जपानने अचूक वेळेची ही वाट फार उशिरा धरली. १८७२ सरेपर्यंत तिथे तासच समान नव्हते. सूर्योदय ते सूर्यास्त यांचे सहा भाग आणि रात्रीचे सहा, त्यामुळे उन्हाळ्यात दिवसाचा तास लांब आणि हिवाळ्यात आखूड. जपानी कारागिरांनी युरोपीय घड्याळं या चालीने चालवूनही दाखवली होती. दिवसाला एक आणि रात्रीला एक असे दोन वेगवेगळे झुलते दांडे बसवून! १ जानेवारी १८७३ रोजी देशाने चोवीस समान तास स्वीकारले, आणि त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी, १८८१ मध्ये, किंतारो हात्तोरी या तरुणाने टोकियोत घड्याळांचं दुकान थाटलं. तीच पुढची सेइको कंपनी.

दोन्ही घराणी आपल्याकडच्या घरांतही येऊन गेली आहेत. आमच्या कपाटात आजोबांची फेवरलुबा आहे, ती स्वित्झर्लंडची. वडिलांची एचएमटी जनता आहे. एचएमटीने बंगळुरात १९६१ मध्ये घड्याळं बनवायला घेतली ती जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने. दोन्हींना एकाच सकाळी चावी देऊन शेजारी ठेवलं की त्यांच्या टिकटिकीची लय क्षणभर जुळते, मग सुटते, मग पुन्हा जुळते. मी हे लहानपणी तासन्‌तास ऐकलं आहे.

या दोन घराण्यांचा खरा सामना झाला तो १९६० च्या दशकात, वेधशाळांमध्ये. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल आणि जिनिव्हा इथल्या वेधशाळा घड्याळांच्या अचूकतेच्या स्पर्धा घेत. यंत्रं आडवी, उभी, कलती ठेवायची, थंडीत आणि उष्णतेत ठेवायची आणि रोजची चूक मोजायची. सेइकोने १९६४ मध्ये न्यूशातेलला प्रवेशिका पाठवल्या तेव्हा त्यांची घड्याळं यादीत पार खाली होती. सेइकोचेच दोन कारखाने, सुवा आणि दाइनी, एकमेकांशी चुरस करत दरवर्षी नवी यंत्रं पाठवत राहिले. १९६७ मध्ये तिथल्या कंपन्यांच्या क्रमवारीत दुसरा आणि तिसरा क्रमांक या दोघांचा होता. १९६८ मध्ये जिनिव्हाच्या मनगटी घड्याळांच्या स्पर्धेत चौथ्यापासून दहाव्यापर्यंतचे सगळे क्रमांक सेइकोने घेतले. पहिली तीन घड्याळं स्विस होती, पण ती चावीची नव्हती, क्वार्ट्झची होती, म्हणजे सेलच्या विजेवर थरथरणाऱ्या क्वार्ट्झच्या स्फटिकावरून वेळ मोजणारी. म्हणजे यांत्रिक घड्याळांत सेइको अव्वल ठरली. आणि चावीच्या घड्याळाचा काळ संपवू पाहणारं तंत्र त्याच यादीच्या डोक्यावर बसलं होतं.

पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १९६९ ला, सेइकोने अ‍ॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. किंमत ४,५०,००० येन, म्हणजे तेव्हाच्या छोट्या मोटारीइतकी. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळ उद्योगातल्या नोकऱ्या सुमारे ९०,००० वरून ३०,००० च्या आसपास आल्या. ल लोक्ल या स्विस गावात झेनिथ या घड्याळ कंपनीत शार्ल व्हर्मो नावाचे तंत्रज्ञ होते. यांत्रिक घड्याळांची हत्यारं आणि साचे मोडीत काढण्याचा हुकूम आला, तेव्हा त्यांनी ते गुपचूप पोटमाळ्यावर नेऊन, नीट नोंदी करून लपवून ठेवले. काही वर्षांनी तीच यांत्रिक घड्याळं पुन्हा बनवायची वेळ आली तेव्हा त्यांचा तो माळा कामी आला. झळ जपानलाही लागलीच. ग्रँड सेइको हे सेइकोचं सर्वोत्तम घड्याळ १९६० मध्ये सुरू झालं होतं, पण सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ते थांबलं. चावीची ग्रँड सेइको परतली थेट १९९८ मध्ये.

आजच्या कसोट्या दोन्हीकडे जवळपास सारख्या आहेत. स्वित्झर्लंडमध्ये सीओएससी ही स्वतंत्र संस्था यंत्र १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासते. रोजची सरासरी चूक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत असली तरच त्याला ‘क्रोनोमीटर’ हा अचूकतेचा किताब मिळतो. ग्रँड सेइको १७ दिवस, सहा स्थितींत तपासते आणि उणे ३ ते अधिक ५ मागते. जपानी अट जास्त कडक आहे खरी, पण ती तपासणी कंपनी स्वतःच करते. त्रयस्थाचा शिक्का हे स्विस बाजूचं बळ आहे आणि ते मला मोलाचं वाटतं.

अचूकतेच्या शोधात दोघे वेगळ्या दिशांना गेले ते एस्केपमेंटपाशी. नेहमीच्या लिव्हर एस्केपमेंटमध्ये माणकाचा खडा दातावरून घसरतो, म्हणून तेल लागतं, आणि तेल वर्षागणिक दाट होत जातं. जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज कारागिराने ही घसरण कमी करणारं को-अ‍ॅक्सियल एस्केपमेंट शोधलं, ते ओमेगा या स्विस कंपनीने १९९९ मध्ये आणलं. युलिस नार्दां या दुसऱ्या स्विस कंपनीने २००१ मध्ये एस्केपमेंटचे भाग सिलिकॉनचे केले. स्विसांनी मूळ रचना कायम ठेवून तिचे पदार्थ आणि भूमिती बदलत नेली.

सेइकोच्या सुवा कारखान्यातले योशिकाझू आकाहाने यांनी १९७७ मध्ये ती रचनाच बाजूला ठेवली. त्यांची कल्पना समजून घ्यायला सायकलचा डायनॅमो आठवा. रात्री डायनॅमो चाकाला टेकवला की दिवा लागतो आणि त्याच क्षणी पायडल जड होतं. वीज तयार करताना चाकाला आपोआप ब्रेक लागतो. स्प्रिंग ड्राइव्हमध्ये नेमकं हेच आहे. मेनस्प्रिंगच नेहमीसारखी चाकं फिरवते. शेवटच्या चाकाला चुंबक जोडलेलं असतं आणि शेजारी तारेची वेटोळी. त्यातून तयार होणाऱ्या अतिसूक्ष्म विजेवर क्वार्ट्झचा एक स्फटिक आणि एक चिप चालते. हे चाक सेकंदाला बरोबर ८ फेरे घेतंय का हे चिप पाहते, आणि ते जरा पळालं की चुंबकीय ब्रेक लावते. अडवणं-सोडणं गेलं, टिकटिक गेली. सेकंदकाटा तेलाच्या धारेसारखा अखंड सरकतो. चूक महिन्याला १५ सेकंदांच्या आत. कल्पना ते विक्री या प्रवासाला २२ वर्षं लागली आणि सहाशेहून अधिक नमुने बनवावे लागले. चिप आहे म्हणून याला यांत्रिक म्हणायला बरेच शौकीन तयार नसतात. मला मात्र गेल्या शंभर वर्षांतलं घड्याळशास्त्रातलं हे सगळ्यांत धाडसी काम वाटतं, कारण काटे हलवणारी सगळी ताकद शेवटी त्या गुंडाळलेल्या स्प्रिंगमधूनच येते.

हातकामातही घराण्यांची गायकी ओळखू येते. ग्रँड सेइकोचा जोर बाहेरच्या केसवर, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचावर आहे. झारात्सू नावाच्या पद्धतीत फिरत्या धातूच्या चकतीवर केस अशी धरतात की पृष्ठभाग पूर्ण सपाट आरसा व्हावा. त्यात खिडकीच्या गजाचं प्रतिबिंब पाहा, रेघ कुठेही वाकत नाही. हाताचा दाब किंचित कमीजास्त झाला तर कडा गोल होते आणि ती केस वाया जाते. याउलट उच्च स्विस घड्याळाची परीक्षा पाठीमागचं झाकण उघडून, डोळ्याला भिंग लावून करतात. यंत्राच्या पट्ट्यांच्या कडा तिरप्या कापून चमकवलेल्या असतात. अशा दोन कडा जिथे आतल्या बाजूला मिळतात तो कोपरा बघायचा. फिरतं हत्यार गोल असल्यामुळे तिथे थोडी गोलाई सोडतंच. कोपरा सुईच्या टोकासारखा तीक्ष्ण असेल तर तो माणसाने कानशीने, हाताने घासलेला आहे.

या कलेचे मोठे उस्ताद म्हणजे व्हाले द जू या स्विस खोऱ्यातले घड्याळजी फिलिप द्यूफूर. शेवटची चमक आणायला ते लाकडाची काडी वापरतात, ज्यूरा पर्वतात उगवणाऱ्या पिवळ्या जेन्शियनच्या झाडाचा वाळलेला देठ. याच्या निळ्या भाईबंदांच्या रंगावरून आपल्या ओळखीच्या जेन्शन व्हायोलेट या जांभळ्या औषधाला नाव पडलं. देठाचा गाभा मऊ, पण पुरेसा चिवट असतो. त्याला पॉलिशची पेस्ट लावून कडेवरून हलक्या हाताने फिरवत राहायचं. द्यूफूर यांच्या घड्याळांचे चाहते जपानमध्ये पहिल्यापासून फार. नागानो प्रांतातल्या शिओजिरी इथल्या सेइकोच्या मायक्रो आर्टिस्ट स्टुडिओतल्या कारागिरांनी हे काम शिकायचं ठरवलं तेव्हा ते त्यांच्याकडेच गेले, आणि त्यांनी हातचं न राखता शिकवलं. आज शिओजिरीतही स्प्रिंग ड्राइव्ह यंत्राच्या कडा वाळलेल्या जेन्शियनच्या देठाने घासतात. निळा जेन्शियन, जपानीत रिंदो, हे नागानोचं प्रांतीय फूल आहे.